जुन्या फियाटचे पुढचे चाक

मराठी विभागाच्या संपादक सरांनी लेख मागितला तेव्हा मी म्हणालो, ‘सर, मी लेथवर काम करणारा माणूस. मला साहित्य कुठले सुचणार?’ सर म्हणाले, ‘मग लेथवरचेच लिहा की. तुमच्या वेळी अंकात शास्त्रीय लेख येत असत, हल्ली सगळे कविताच देतात.’ माजी विद्यार्थ्याला याहून अधिक आग्रहाची गरज नसते. म्हणून हा लेख.

विषय आहे जुन्या मोटारीत फेरफार करताना पुढचे सस्पेन्शन आणि चाके कशी निवडावी हा. सस्पेन्शनला शब्दकोशात ‘निलंबन’ असा प्रतिशब्द सापडतो. परंतु तो सरकारी नोकरांनी अडवून ठेवला असल्यामुळे मी सस्पेन्शन हाच शब्द वापरणार आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी चक्कर मारली असेल त्यांना वडोदऱ्याचे मकरपुरा वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळातला मकरपुरा राजवाडा आज हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि त्याच नावाच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग यांची लहानलहान शेडे गल्लोगल्ली पसरली आहेत. शेजारच्या माणेजाला बेअरिंगचा मोठा कारखाना आहे. अशाच एका शेडात मी काम करतो. मोटारी दुरुस्त करणे हा आमचा धंदा नव्हे. पण गॅरेजवाल्यांना जे जमत नाही ते बोअर करणे, बुश काढणे, पिन बनवणे यासाठी गाड्यांचे सुटे भाग आमच्याकडे येतच असतात.

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यानंतर शहरातल्या पुष्कळ घरांत अंगणातल्या ताडपत्र्या उचलल्या गेल्या. दांडिया बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबात १९७४ सालची प्रीमिअर पद्मिनी होती. गाडी काकांची, आणि उत्साह इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या पुतण्याचा. एके सकाळी तो रिक्षातून चार चकचकीत अलॉय रिम घेऊन आला आणि म्हणाला, ‘दादा, एवढे चार रिम मधून बोअर करून द्या. हबवर बसत नाहीत. चार मिलिमीटर काढलेत की झाले.’

रिम १५ इंची होते, सात इंच रुंद. मी व्हर्निअर घेतला आणि बोअर मोजण्याआधी बोल्टची भोके मोजली. चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजे पीसीडी, अर्थात बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. रिमवर ते १०० मिलिमीटर भरले. संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन गाडीचा हब मोजला, तो ९८. फियाटच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत ९८ चे माप आहे आणि आजच्या अनेक छोट्या गाड्यांत १०० चे. हा दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि म्हणूनच घातक आहे. ११४.३ चा रिम ९८ च्या हबवर बसतच नाही, त्यामुळे त्यापासून कोणाला धोका नाही. १०० चा बसतो.

बसतो म्हणजे काय होते ते पाहा. व्यासात दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून एक मिलिमीटर बाहेर. बोल्टचे डोके शंकूच्या आकाराचे असते आणि रिममधली बैठकही तशीच, म्हणजे घट्ट करताना बोल्टच चाकाला मध्यावर आणतो. पहिला बोल्ट आवळला की रिम त्याच्या बाजूला सरकतो आणि उरलेले तीन तिरपे ओढले जातात. पान्याला घट्ट लागते, पण शंकू बैठकीत पूर्ण टेकलेला नसतो, नुसता एका कडेवर उभा असतो. चाक फिरू लागले की ती कड झिजते, बोल्टचा ताण जातो, आणि बोल्ट एकतर ढिला होतो किंवा वाकून वाकून तुटतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मकरपुऱ्यात आल्यावर पहिल्याच वर्षी असेच चार रिम मी बोअर करून दिले होते. गिऱ्हाइकाने मधल्या भोकाचे माप सांगितले, मी कापले, पैसे घेतले. शेजारच्या शेडातले भाई पीसीडी विचारत होते, तेव्हा गिऱ्हाईकच म्हणाले, ‘आ तो चाली जशे.’ तीन आठवड्यांनी ती गाडी पाद्ऱ्याच्या रस्त्यावर डगमगू लागली. चालवणाऱ्याने वेळीच बाजूला घेतली म्हणून बरे, कारण पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट रस्त्यावर पडले होते आणि तिसरा हाताने फिरत होता. गाडीत त्याची आई आणि दोन मुले होती. कोणाला काही झाले नाही. माझे बोअरिंग शंभरातल्या भागापर्यंत अचूक होते. तेव्हापासून चाकाचे काम आले की मी आधी गाडी पाहतो.

म्हणून पुतण्याला मी सांगितले की रिम कापणार नाही. तो रागावला. काकांनी मात्र विचारले, ‘अरे, मग काय करायचे ते तरी सांग.’ त्यातून पुढचे दोन महिने प्रत्येक रविवार गेला.

जाता जाता एक. पाच स्टडच्या चाकात समोरासमोर भोक येत नाही. तेथे लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. जुन्या जीपवर हे अंतर साधारण ८२.१ भरते, म्हणजे पीसीडी १३९.७, जुन्या मापात साडेपाच इंच. वर्तुळाच्या जीवेचे हे गणित शाळेतच झालेले असते.

पीसीडी जुळला तरी प्रश्न निम्माच सुटतो. खरा प्रश्न ऑफसेटचा. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा रिमचा पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. हल्लीच्या रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. आकडा मोठा तितके चाक गाडीच्या आत, लहान तितके बाहेर. चाक बाहेर आले की गाडी रुबाबदार दिसते, आणि तरुणांना नेमके तेच हवे असते.

आता पुढच्या चाकाकडे पाहू. जुन्या फियाटला पुढे वर आणि खाली असे दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि अँटी-रोल बार अशी रचना आहे. मागे साधे पाटे. स्टिअरिंग फिरवले की पुढचे चाक किंगपिनभोवती वळते. ही पिन अगदी उभी नसते, तिचे वरचे टोक आत झुकलेले असते. पिनेची रेघ मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ती जेथे जमिनीला टेकते तेथपासून टायर जमिनीला टेकतो त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, हाच या विषयाचा गाभा आहे. इंजिनिअर त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. मी त्याला ‘तरफेचा हात’ म्हणतो, कारण तो तेच काम करतो. डाव्या चाकाला खड्डा लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि तो धक्का या हाताच्या लांबीइतक्या तरफेने स्टिअरिंगवर येतो. एका बाजूचा ब्रेक दुसऱ्यापेक्षा जास्त धरला तरी तेच. ड्रम ब्रेकच्या जुन्या गाडीत दोन्ही बाजू कायम सारख्या धरतील अशी अपेक्षा करता येत नाही. बनवणाऱ्याने हा हात विचार करून ठरवलेला असतो. चाक वीस मिलिमीटर बाहेर आणले की हात वीस मिलिमीटरने लांबतो.

पुष्कळांना वाटते की टायरचा व्यास बदलला तर भूमिती बिघडते. बिघडते, पण किती ते मोजून पाहावे. पिनेचा कल सात अंश धरला तर चाकाची त्रिज्या दहा मिलिमीटरने बदलल्यावर तो हात जेमतेम सव्वा मिलिमीटरने बदलतो. ऑफसेटमधला फरक मात्र जसाच्या तसा, मिलिमीटरला मिलिमीटर, येऊन बसतो. घरोघर व्यासावर वाद होतात आणि ऑफसेटचा आकडा कोणी वाचत नाही.

दुसरा परिणाम बेअरिंगवर. पुढच्या हबमध्ये आत मोठे आणि बाहेर छोटे बेअरिंग असते. गाडीचा भार मोठ्याच्या जवळून जावा अशी योजना असते. चाक बाहेर सरकले की भाराची रेघ छोट्याकडे सरकते आणि वळणावर तर तरफ आणखी वाढते. स्पेसरची चकती घालून चाक बाहेर काढणारे लोक वर्षातून दोनदा बेअरिंग बदलतात आणि बेअरिंगला नावे ठेवतात. माणेजाच्या इतक्या जवळ राहून ते ऐकणे मला जड जाते.

आता काकांच्या गाडीवर मी घेतलेली मापे सांगतो. ती त्या एका गाडीची, दुसऱ्याने आपली मोजावीत. जुना रिम १४ इंची, चार इंच रुंद, ऑफसेट ३०. टायर जुन्या मापाचा, ५.२०-१४, म्हणजे रुंदी १३२ मिलिमीटर. उभ्या टायरचा व्यास ६०६ भरला. पुतण्याच्या रिमवर ऑफसेट १० कोरलेला होता आणि त्यावर त्याला १९५/५० चा टायर हवा होता. टायरवरचे आकडे वाचणे सोपे आहे. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, तिच्या ५० टक्के म्हणजे ९७.५ ही बाजूची उंची. ती दोनदा घेऊन १५ इंचांचे ३८१ त्यात मिळवले की ५७६. म्हणजे गाडी १५ मिलिमीटर खाली बसणार आणि स्पीडोमीटर पाच टक्के खोटे बोलणार. चाकाचा मध्य २० बाहेर, त्यात वाढलेल्या रुंदीचे अर्धे ३१.५, म्हणजे टायरची बाहेरची कड आधीपेक्षा ५१.५ मिलिमीटर बाहेर. मडगार्डच्या ओठापाशी मी बोट घातले तर तेथे पुरते तीन सेंटिमीटरही नव्हते. पुतण्या इंजिनिअरिंगचा. त्याने कागदावर हे गणित स्वतः पुन्हा केले आणि गप्प बसला. मला त्या मुलाचे तेथे कौतुक वाटले. आकडा चुकीचा असावा अशी इच्छा असूनही त्याने तो तपासला.

मग त्याने दुसरा प्रस्ताव मांडला. जुने सस्पेन्शन पूर्ण काढून एखाद्या नव्या छोट्या गाडीचे स्ट्रट आणि स्टिअरिंग रॅक बसवायचे. या स्ट्रटला मॅकफर्सन हे नाव अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्यावरून पडले. १९५० नंतर इंग्लंडातल्या फोर्ड गाड्यांतून तो प्रसिद्ध झाला आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांत तोच आहे. स्वस्त आहे, जागा कमी घेतो, उत्तम चालतो. पण त्यात वरचा आर्म नसतो. त्या आर्मने झेलायचे आडवे बल स्ट्रटच्या वरच्या टोकातून थेट बॉडीच्या पत्र्यात जाते. ज्या गाडीत त्यासाठी पत्रा जाड केलेला, वाकवलेला, सांधलेला असतो तेथे ते ठीक. पन्नास वर्षांच्या गाडीत नवी बैठक कापून वेल्ड करावी लागते, आणि ती आपल्या हातून सरळ झाली का, दोन्ही बाजूंना सारखी झाली का, हे पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत कळत नाही.

त्याहून अवघड गोष्ट टाय रॉडची. आर्म वरखाली होतो तेव्हा त्याचे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. टाय रॉडचे टोकही फिरते, पण आपल्या आतल्या सांध्याभोवती. दोन्ही कंस जुळले तर चाक सरळ वरखाली होते. जुळले नाहीत तर प्रत्येक उंचवट्यावर चाक आपणहून वळते, चालवणाऱ्याचा हात स्थिर असला तरीही. दुसऱ्या गाडीचा रॅक दोन सेंटिमीटर वर किंवा खाली बसला की हा दोष आलाच. आम्ही शेडाच्या फरशीवर खडूने सगळे पुऱ्या मापात काढले, आर्मच्या जागी सुतळी धरली, आणि पुतण्याने स्वतः कंस ओढले. चाक चार सेंटिमीटर वर जाताच दोन रेघा वेगळ्या झाल्या.

ही परीक्षा खऱ्या गाडीवरही करता येते, आणि कोणत्याही फेरफारानंतर ती केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये असे माझे मत आहे. गाडी स्टँडवर ठेवावी, स्प्रिंग काढून घ्यावी, आर्म तसेच ठेवावेत. स्टिअरिंग बांधून टाकावे. खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक सेंटिमीटर-सेंटिमीटरने वर न्यावे, आणि बाजूला एक सरळ फळी उभी करून दर वेळी रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे तिच्यापासूनचे अंतर लिहावे. दोन्ही अंतरांतला फरक बदलत गेला तर चाक वळते आहे. काकांच्या गाडीत मूळ आर्म आणि मूळ टाय रॉड असताना आठ सेंटिमीटरच्या प्रवासात फरक एक मिलिमीटरच्या आत राहिला. ज्यांनी हे कागद-पेन्सिलीने काढले त्यांच्याविषयी त्या दिवशी आम्हा तिघांनाही आदर वाटला.

येथे कायद्याचाही एक मुद्दा आला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. स्ट्रटसाठी बॉडी कापली तर ती संधी गेली. काका यावर म्हणाले, ‘विंटेज झाली की रोज चालवता येत नाही म्हणतात. मला ती मंडईत न्यायची आहे.’ तरीही बॉडी कापायला त्यांनी नकारच दिला. आपल्यानंतर पुतण्याला हवे तर त्याने नोंद करावी, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा मूळ सस्पेन्शनच ठेवायचे ठरले. यातले मुख्य काम कोणाला दिसत नाही. किंगपिन आणि त्यांचे बुश झिजून चाक हाताने हलत होते. पिना नव्या आणल्या, बुश आम्ही रीमर मारून बसवले. आर्मचे रबरी बुश बदलले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, त्यामुळे सुटे भाग पूर्वीइतक्या सहज मिळत नाहीत, पण अजून मिळतात. स्प्रिंग मूळ उंचीची नवी घातली. पुतण्याने एक वेटोळे कापून गाडी खाली बसवूया असे सुचवले होते. आठ कामाच्या वेटोळ्यांतले एक कापले की स्प्रिंग सुमारे १४ टक्क्यांनी कडक होते, कारण कडकपणा वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे त्याला पाठ होते. पण शॉकॲब्सॉर्बरचा खाली जाण्याचा प्रवासही तेवढाच कमी उरतो आणि आर्म रबरी ठोकळ्यावर आपटू लागतो, हे त्याच्या पुस्तकात नव्हते.

चाकांसाठी फियाटच्याच एका नंतरच्या मॉडेलचे ९८ पीसीडीचे पोलादी रिम भंगारातून निवडले. १४ इंची, पाच इंच रुंद, ऑफसेट ३५. त्यावर १६५/८० आर १४ हा रेडियल टायर. व्यास ६२० ला किंचित कमी, म्हणजे गाडी सात मिलिमीटर उंच. चाकाचा मध्य पाच मिलिमीटर आत गेला, म्हणजे तरफेचा हात थोडा आखूडच झाला. बाहेरची कड ११.५ बाहेर आणि आतली २१.५ आत. आतल्या बाजूला टाय रॉडच्या टोकाशी जागा उरते का, ही शंका होती. काकूंकडून कणकेचा गोळा मागून आणला, टाय रॉडवर चिकटवला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पुरते फिरवले आणि चाक जॅकने वर नेले. गोळा दबला तेथे सहा मिलिमीटर जाडी उरली. मला आठ आवडले असते. काकूंनी कणीक परत घेतली नाही.

बोल्ट रिमच्या जातीचे हवेत. अलॉयचे लांब बोल्ट पोलादी रिमला लावले तर टोक आत ब्रेकला टेकू शकते, आणि उलट केले तर आटे पुरेसे धरत नाहीत. समोरासमोर आवळावे, एका ओळीने नव्हे. शेवटी टो-इन पाहिले. कॅम्बर आणि कॅस्टर पुस्तकातल्या मर्यादेत आले होते.

पन्नास किलोमीटर चालवून काका गाडी परत घेऊन आले, सांगितले होते म्हणून. चार चाकांचे सोळा बोल्ट तपासले. मागच्या उजव्या चाकाचा एक पाव फेरा फिरला, बाकीचे जागेवर होते. पुतण्याच्या अलॉय रिमांना गिऱ्हाईक मिळालेले नाही. त्यातल्या एकावर काच ठेवून काकांनी दिवाणखान्यात टीपॉय केला आहे, आणि त्याच्या चार भोकांपैकी एकावर पुतण्याने खडूने १०० असे लिहून ठेवले आहे.